समोरून जुळी, पाठीने वेगळी: एकसारखी दिसणारी बेसबॉल कार्डं ओळखायची कशी

बेसबॉल खेळाडूंची चित्रं असलेली, लोक जमवतात ती कार्डं काढणाऱ्या अमेरिकेतल्या टॉप्स कंपनीच्या १९६८ सालच्या सेटमधलं १७७ क्रमांकाचं कार्ड घ्या. न्यूयॉर्क मेट्स संघाचे दोन नवखे पिचर (चेंडू टाकणारे) त्यावर शेजारी शेजारी आहेत, जेरी कूसमन आणि नोलन रायन. तेच चित्र, तीच किनार आणि तोच क्रमांक असलेली कार्डं त्या काळात चार वाटांनी लोकांच्या हाती गेली. एक अमेरिकेतलं टॉप्स, दुसरं कॅनडातलं ओ-पी-ची, तिसरं व्हेनेझुएलात छापलेलं आणि चौथं मिल्टन ब्रॅडली कंपनीच्या ‘विन-अ-कार्ड’ या खेळाच्या खोक्यातलं. पुढे निघालेली रिप्रिंट, म्हणजे पुन्हा छापलेली, कार्डं वेगळीच. पुढच्या बाजूचा फोटो पाहून यातलं कुठलं कुठलं हे कोणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर त्याच्याकडून खरेदी करू नये.

या छंदात पुढची बाजू चेहरा दाखवते, ओळख मात्र पाठीवर असते. खाली जे काही दिलं आहे ते बहुतेक याच एका सवयीभोवती फिरतं: कार्ड हातात आलं की आधी उलटं करायचं.

शब्दांचा घोळ आधी मिटवू

विक्रेते ‘एरर’, ‘व्हेरिएशन’, ‘पॅरलल’ हे शब्द वाटेल तसे वापरतात आणि त्यावर किंमत लावतात. पॅरलल म्हणजे कंपनीने मुद्दाम काढलेली त्याच कार्डाची वेगळ्या रंगाची, चकाकीची किंवा कागदाची आवृत्ती. व्हेरिएशन म्हणजे एकाच क्रमांकाचं कार्ड दोन रूपांत निघणं. मजकूर बदलला, फोटो बदलला, अक्षरांचा रंग बदलला. एरर म्हणजे चूक. ती दुरुस्त झाली तरच दोन रूपं होतात. दुरुस्त न झालेली चूक कितीही मजेशीर असली तरी तिने दुर्मिळता येत नाही. १९५७ च्या टॉप्समध्ये हँक आरनचं २० क्रमांकाचं कार्ड उलट्या निगेटिव्हवरून छापलं गेलं आणि उजवा बॅटर डावखुरा झाला. पण सगळीच तशी आहेत, म्हणून ‘उलट्या फोटोचं दुर्मिळ कार्ड’ ही जाहिरात निव्वळ बाष्कळ.

चौथा प्रकार छपाईतल्या दोषाचा: शाईचा डाग, सरकलेला रंग, प्लेटवर बसलेला कचरा. एका कार्डावर आलेला दोष म्हणजे खराब कार्ड. तोच दोष त्याच जागी शेकडो कार्डांवर आला तर संग्राहक त्याला नाव देतात. १९५७ मधलं १७६ क्रमांकाचं जीन बेकरचं कार्ड, ज्यात आडनावाचं शेवटचं अक्षर तुटून ‘बेकप’ असं दिसतं, आणि १९५८ मधलं ४३३ क्रमांकाचं पांचो हेरेरा, ज्यात शेवटचा ‘ए’ गायब आहे, ही दोन्ही अशीच दोषातून बढती मिळालेली कार्डं.

हाताशी काय हवं

दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग रोजच्या कामाला पुरतं. शंका आली तर तीसपट. मिलिमीटर आणि इंचाचे सोळावे भाग दाखवणारी पोलादी पट्टी, ३६५ नॅनोमीटरची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि जाडी मोजायला डिजिटल कॅलिपर. कॅलिपरचे जबडे कार्डावर आवळू नयेत, कोपरा दबतो. पांढरा कोरा कागद जवळ ठेवावा, पाठीचा रंग त्याशेजारीच नीट कळतो.

या सगळ्यापेक्षा मोलाची वस्तू म्हणजे त्याच सेटमधलं एक स्वस्त, खात्रीचं, कोणाला नको असलेलं कार्ड. त्याला साक्षीदार कार्ड म्हणू. ज्या सेटमध्ये महागडं कार्ड घ्यायचं आहे, त्यातली दोन-तीन झिजलेली कॉमन, म्हणजे फारशी मागणी नसलेल्या खेळाडूंची, कार्डं आधी घ्यावीत. जाडी, वजन, पुठ्ठ्याचा रंग, चकाकी, ठिपक्यांची रचना या सगळ्याचं माप तेच देतं. इंटरनेटवरच्या कोष्टकातलं वजन पाहून निवाडा करणं फसवं असतं; दमट हवेत पुठ्ठा पाणी धरतो आणि आकडा सरकतो. साक्षीदार कार्ड त्याच हवेत असतं.

तपासणीचा क्रम

१. माप घ्या. टॉप्सची १९५२ ते १९५६ ची कार्डं २ ५/८ × ३ ३/४ इंच, म्हणजे साधारण ६६.७ × ९५.३ मिमी. १९५७ पासून २ १/२ × ३ १/२ इंच, म्हणजे ६३.५ × ८८.९ मिमी. १९७५ चं छोट्या आकाराचं ‘मिनी’ कार्ड २ १/४ × ३ १/८ इंच. बहुतेक रिप्रिंट इथेच गळतात. एखादं मिलिमीटर कमी भरलं तर मात्र नक्कल म्हणायच्या आधी कडा कातरल्याचा संशय घ्यावा.

२. उलटं करा आणि तळाची सगळ्यात बारीक ओळ भिंगातून वाचा. कॉपीराइट कोणाचा, साल कोणतं, छपाई कुठली. क्रमांकाच्या आधी काही अक्षरं आहेत का, तेही पाहा.

३. पुठ्ठ्याचा रंग बघा. पाठीचा समास आणि कडेचा काप पांढऱ्या कागदाशेजारी आणि साक्षीदार कार्डाशेजारी धरून.

४. चकाकी बघा. दिव्याखाली कार्ड तिरपं करून. चकाकी नंतर चढवता येते, त्यामुळे हा पुरावा एकट्याने ग्राह्य नाही.

५. काळा मजकूर भिंगाखाली घ्या. जुन्या कार्डांत चित्र ठिपक्यांचं असतं, पण काळी अक्षरं आणि काळ्या रेघा स्वतंत्र प्लेटवरून सलग शाईत उमटलेल्या असतात. स्कॅन करून केलेल्या नकलेत अक्षरांच्या कडाही ठिपक्यांनी भुरभुरलेल्या दिसतात. ही कसोटी काळ्या अक्षरांपुरतीच वापरावी, रंगीत नावं मूळ कार्डातही ठिपक्यांची असू शकतात.

६. अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातली जाणारी चकाकद्रव्यं विसाव्या शतकाच्या मध्यात रुळली. पहिल्या महायुद्धाआधीचं म्हणवणारं कार्ड निळसर पांढरं चमकलं तर विषय संपला. चमकलं नाही म्हणून ते अस्सल ठरत नाही. जुन्या कागदावर केलेली नक्कलही काळीच राहते.

७. शेवटी यादीशी ताडा. इंटरनेटवरच्या ट्रेडिंग कार्ड डेटाबेससारख्या सूचीत त्या क्रमांकाखाली किती रूपं नोंदली आहेत ते पाहा. हे शेवटी, कारण आधी यादी वाचली की डोळ्यांना हवं तेच दिसायला लागतं.

परत रायनकडे

हा क्रम १७७ वर लावून पाहू. पाठीवर अमेरिकेत छापल्याची ओळ आहे: टॉप्स किंवा मिल्टन ब्रॅडली. कॅनडाचा उल्लेख आहे: ओ-पी-ची. ‘हेचो एन व्हेनेझुएला’ आणि ‘लितोव्हेन’ ही अक्षरं आहेत: व्हेनेझुएला.

व्हेनेझुएलाच्या कार्डाचा पुढचा भाग निस्तेज असतो, टॉप्सची चकाकी त्यावर नसते. तिथल्या मुलांनी ती वहीत चिकटवली, त्यामुळे पाठीचा कागद सोललेला, मजकूर अर्धा गेलेला असं बरेचदा मिळतं. नेमकी ओळखीची ओळच फाटून गेली असेल तर पुठ्ठा आणि चकाकी यांवर भिस्त ठेवावी लागते, आणि तेव्हा साक्षीदार कार्ड नसेल तर खरेदी टाळलेली बरी.

खरी डोकेदुखी मिल्टन ब्रॅडलीची. मजकुरात फरक नाही. फरक पाठीच्या पिवळ्या रंगात: टॉप्सची पाठ मळकट सोनेरीकडे झुकते, मिल्टन ब्रॅडलीची जास्त उजळ पिवळी, आणि तिचा पुठ्ठा अधिक पांढरा. या खेळाच्या खोक्यात बेसबॉलबरोबर फुटबॉलची आणि मोटारींची कार्डंही होती. ती सगळी एकाच मोठ्या कागदावर छापलेली असल्याने काही कार्डांच्या कडेला शेजारच्या कार्डाचा परका रंग उतरलेला दिसतो. तो दिसला तर नशीबच. एरवी विक्रेत्याकडून एकाच चौकटीत तुमचं कार्ड आणि एखादं साधं १९६८ चं टॉप्स, दोन्हींच्या पाठी, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो मागवा. वेगवेगळ्या फोटोंतले दोन पिवळे ताडून पाहण्यात अर्थ नाही, मोबाईलचा कॅमेरा प्रत्येक वेळी रंग आपल्या मनाने लावतो.

ओ-पी-चीबद्दल थोडं. ऑन्टारिओतल्या लंडन गावची ही कंपनी टॉप्सकडून परवाना घेऊन १९६५ पासून बेसबॉल कार्डं काढू लागली. १९६८ चा तिचा सेट फक्त १९६ कार्डांचा, म्हणजे टॉप्सच्या पहिल्या दोन मालिका (एका सालचा सेट टप्प्याटप्प्याने निघे, त्यातला एकेक टप्पा म्हणजे मालिका). त्यामुळे ‘१९६८ ओ-पी-ची, क्रमांक २८०’ अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचायची गरज नाही. १९७० पासून पाठीवर इंग्रजीबरोबर फ्रेंच आली आणि ओळख सोपी झाली. १९७१ ला तर पाठीची मांडणीच वेगळी, पिवळी. ओ-पी-चीच्या कडा खडबडीत, धागे निघाल्यासारख्या असतात. हा दोष नव्हे, कापणीची तऱ्हा आहे. उलट सत्तरच्या दशकातल्या ओ-पी-चीची कड चाकूने कापल्यासारखी गुळगुळीत असेल तर माप पुन्हा घ्यावं.

एकच चेहरा, तीन सालं

टॉप्सने पन्नाशीच्या दशकात चित्रांवरचा खर्च वाचवला. हँक आरनचं १९५४ चं कार्ड (क्रमांक १२८), १९५५ चं (४७) आणि १९५६ चं (३१) शेजारी ठेवा. चेहऱ्याचं चित्र तिन्हीवर एकच. १९५४ चं उभं, नारिंगी पार्श्वभूमीचं. १९५५ आणि १९५६ ची आडवी. १९५६ च्या कार्डात चेहऱ्यामागे होम प्लेटकडे घसरणारा खेळाडू रंगवला आहे, आणि तो आरन नसून विली मेज आहे. कपडे तेवढे आरनच्या ब्रेव्हज संघाचे चढवले.

आरनचं नाव मोठं म्हणून हे लक्षात राहतं, पण हीच काटकसर त्या तीन वर्षांतल्या कितीतरी खेळाडूंच्या कार्डांत आहे. म्हणून या सालांची नोंद करताना चेहऱ्यावर विसंबू नये. मांडणी आडवी की उभी, आणि पाठीवरचा क्रमांक, एवढंच धरावं. १९५६ ला आणखी एक पदर आहे: १ ते १८० क्रमांकांच्या पाठी पांढऱ्या आणि करड्या अशा दोन पुठ्ठ्यांवर मिळतात. जुनी पांढरी पाठ साय आल्यासारखी पिवळसर होते आणि फोटोत करडी वाटते. इथे पांढऱ्या कागदाची युक्ती कामी येते.

छापखान्यातलं गणित

बहुतेक जुनी व्हेरिएशन कोणी ठरवून केलेली नाहीत, ती कागदाच्या मोठ्या तावावर जन्मली. टॉप्स पुढच्या काळात १३२ कार्डांच्या तावावर छापत असे. म्हणून ६६० कार्डांचा सेट म्हणजे पाच ताव, ७९२ चा म्हणजे सहा. मालिकेतली कार्डं तावाच्या जागांत नेमकी बसली नाहीत की उरलेल्या जागी काही कार्डं दुसऱ्यांदा बसवावी लागतात. हीच ‘डबल प्रिंट’.

१९५२ ची शेवटची मालिका ३११ ते ४०७, म्हणजे ९७ कार्डं. ताव शंभराचा. तीन जागा उरल्या, त्यात मिकी मँटल (३११), जॅकी रॉबिन्सन (३१२) आणि बॉबी थॉमसन (३१३) पुन्हा बसले. या छंदातलं सर्वांत गाजलेलं मँटलचं कार्ड त्याच मालिकेतल्या बाकीच्या चौऱ्याण्णव कार्डांच्या दुप्पट छापलं गेलं होतं! दोन वेळा प्लेट मांडल्यामुळे दोन्ही ठशांत सूक्ष्म फरक पडले. पाठीवर क्रमांक ज्या चेंडूत आहे त्याची शिवण एका ठशात उजवीकडे वळते, दुसऱ्यात डावीकडे. दोन्ही सारखेच अस्सल. विक्रेता एकाला ‘दुर्मिळ प्रकार’ म्हणाला तर हसून सोडून द्यावं.

त्याच सेटच्या पहिल्या ८० क्रमांकांच्या पाठी काळ्या आणि लाल अशा दोन शाईंत आहेत. जो पेज (४८) आणि जॉनी सेन (४९) यांच्या काळ्या पाठींवर एकमेकांची माहिती छापली गेली आणि मग दुरुस्त झाली. हे तपासायला पाठीवरचं नाव वाचलं की पुरे, तरी घाईत लोक पुढची बाजू पाहून पैसे देतात.

१९६२ चा हिरवा घोटाळा जास्त अवघड. ११० ते १९६ क्रमांकांची दुसरी मालिका दोन ठिकाणी छापली गेली आणि एका छपाईत रंग हिरवट उतरले. काही खेळाडूंची तर पोझच वेगळी आहे, ती ओळखणं सोपं. बाकीच्यांत फरक फक्त छटेचा. उन्हात ठेवलेलं साधं कार्डही हिरवट दिसू शकतं, कारण लाल आणि पिवळी शाई आधी उडते. तेव्हा खेळाडूच्या गालाकडे पाहा: हिरव्या छपाईत कातडी मेहंदीसारखी दिसते, पण कार्डावरचा इतर लाल मजबूत असतो. उडालेल्या कार्डात सगळाच लाल फिका. त्याच क्रमांकाचं साधं कार्ड शेजारी असल्याशिवाय यात पडू नये.

अक्षरांच्या रंगाची जोडी तर गमतीची, कारण दोन सालांत नियम उलटे आहेत. १९५८ च्या पहिल्या मालिकेत काही कार्डांवर नाव किंवा संघाचं नाव पांढऱ्याऐवजी पिवळं आहे, आणि पिवळं दुर्मिळ. १९६९ मध्ये काही कार्डांवर आडनाव पिवळ्याऐवजी पांढरं आहे, मँटलचं ५०० क्रमांकाचं त्यातलंच, आणि तिथे पांढरं दुर्मिळ. नकली कामही त्याप्रमाणे उलटं चालतं. १९५८ मध्ये पिवळं भरतात: भिंगाखाली पेनची शाई छपाईच्या वर बसलेली, अक्षराबाहेर ओघळलेली दिसते. १९६९ मध्ये पिवळं उडवतात: अक्षराच्या कोनाड्यात पिवळ्याचे कण उरतात, आणि त्या भागातली चकाकी मेलेली असते.

मुद्दाम झालेल्या दुरुस्त्या

१९७४ मध्ये सॅन दिएगो पाद्रेज संघ वॉशिंग्टनला जाणार असं गृहीत धरून टॉप्सने काही कार्डांवर ‘वॉशिंग्टन नॅशनल लीग’ छापलं. संघ गेला नाही, कार्डं बदलली. १९७९ मध्ये बम्प विल्स (३६९) याच्या नावाखाली रेंजर्सऐवजी ब्लू जेज आलं आणि नंतर सुधारलं. दोन्ही नुसत्या डोळ्यांनी कळतात.

फ्लीअर या दुसऱ्या कंपनीच्या १९८९ च्या सेटमधलं ६१६ क्रमांकाचं बिली रिपकेनचं कार्ड मात्र स्वतःच एक छोटा संग्रह आहे. बॅटच्या मुठीवर शिवी लिहिलेली स्पष्ट छापली गेली. मग कंपनीने घाईघाईने ती झाकायला सुरुवात केली: कुठे पांढऱ्याने, कुठे काळं गिरगटून, शेवटी काळा चौकोन. मूळ शिवीचं कार्ड आणि काळ्या चौकोनाचं कार्ड सहज मिळतं. पांढऱ्याने झाकलेलं कमी मिळतं, म्हणून घरगुती व्हाइटनर लावून तेच सर्वाधिक बनवलं जातं. तिरप्या उजेडात पाहा: कारखान्यातल्या छपाईला उंची नसते, व्हाइटनरला असते.

१९९० च्या टॉप्समधलं फ्रँक थॉमसचं ४१४ क्रमांकाचं कार्ड पुढे नाव नसलेल्या रूपात फार महाग आहे. काळ्या प्लेटच्या एका पट्ट्यात शाई उमटली नाही आणि त्या पट्ट्यात आलेल्या शेजारच्या कार्डांच्याही काळ्या रेघा तुटल्या. म्हणजे नुसतं नाव गायब असणं पुरेसं नाही, आजूबाजूची काळी रेघही ठरावीक जागी तुटलेली हवी. नाव पुसलेल्या कार्डात रेघ शाबूत असते आणि नावाच्या पट्टीवर खरवडल्याच्या खुणा. हे कार्ड मोकळं, प्रमाणित डबीबाहेरचं (तपासणी कंपनी कार्ड पारखून, लेबल लावून ज्या प्लॅस्टिकच्या डबीत बंद करते ती) घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जुनी मांडणी, नवे खेळाडू

टॉप्सचा ‘हेरिटेज’ हा सेट २००१ पासून दरवर्षी एकेक जुनी मांडणी उचलतो. हिशेब सोपा: कार्डाच्या सालातून ४९ वजा करा. २००१ ला १९५२ ची, २०१० ला १९६१ ची, २०२४ ला १९७५ ची. खोड्याही जुन्याच उचलतात: २००१ च्या पहिल्या ८० क्रमांकांना लाल-काळ्या पाठी दिल्या, २०११ ला १९६२ ची हिरवट छटा आणली.

हेरिटेजमध्ये तीन गोष्टी नेमाने बघाव्यात. एक, क्रमांक: बऱ्याच वर्षांत ४०१ ते ५०० ही कार्डं कमी छापलेली आहेत. दोन, अनुक्रम: क्रोम, म्हणजे धातूसारख्या चकचकीत, आवृत्तीवर ‘इतक्यांपैकी इतकं’ छापलेलं असतं आणि तो आकडा मूळ सालाशी खेळतो, २०१० मध्ये क्रोम १,९६१, रिफ्रॅक्टर (तिरपं केल्यावर इंद्रधनुष्य दाखवणारं क्रोम) ५६१, काळ्या किनारीचं ६१. तीन, पाठीच्या तळाचा बारीक सांकेतिक क्रमांक, जो ‘सीएमपी’ या अक्षरांनी सुरू होतो. अलीकडच्या टॉप्स कार्डांत साध्या आणि बदललेल्या फोटोच्या कार्डांचे शेवटचे अंक वेगळे असतात. एक खात्रीचं साधं कार्ड घेऊन त्याचे शेवटचे तीन अंक टिपून ठेवले की गठ्ठा चाळणं मिनिटांचं काम होतं. दरवर्षी अंक बदलतात, गेल्या वर्षीचा कागद यंदा चालत नाही.

लाकडी किनारीची १९८७ ची मांडणी हा सापळाच म्हणावा. मूळ १९८७, त्याच सालचं टॉप्स टिफनी, ओ-पी-ची, मग २०१७ च्या टॉप्समधली तिसाव्या वाढदिवसाची कार्डं आणि २०२२ मधली पस्तिसाव्याची. शेवटच्या दोन्हींत तोच खेळाडू सापडू शकतो. साल पाठीच्या कॉपीराइट ओळीतच मिळेल. टिफनी हा १९८४ ते १९९१ दरम्यानचा टॉप्सचा चकचकीत सेट. नेहमीच्या कार्डाची पाठ करड्या पुठ्ठ्याची, टिफनीची पांढरी आणि मजकूर लख्ख. चकाकीवर नव्हे, पाठीवर निकाल द्यावा. बॅरी बॉन्ड्सचं ३२० क्रमांकाचं कार्ड विकणारे हा फरक सोयीस्करपणे विसरतात.

टॉप्सच्याच बोमन या नावाच्या सेटांत क्रमांकाच्या आधीची अक्षरंच बोलतात: बीपी म्हणजे कागदी, बीसीपी म्हणजे क्रोम, सीपीए म्हणजे सहीचं क्रोम. टॉप्स क्रोमच्या बऱ्याच वर्षांत रिफ्रॅक्टर असेल तर पाठीवर क्रमांकाखाली तसा शब्द असतो. १९९३ च्या टॉप्सच्या ‘फाइनेस्ट’ सेटवर तो नाही. तिथे साध्या कार्डाशेजारी दिव्याखाली तिरपं करून इंद्रधनुष्य दिसतं का हेच बघावं लागतं. निळे, जांभळे, नेव्ही अशा जवळच्या रंगांत फोटोवरून भांडू नका, छापलेला अनुक्रम वाचा.

अधिकृत रिप्रिंट

१९८३ ला टॉप्सनेच १९५२ चा सेट पुन्हा छापला. ४०७ पैकी ४०२ कार्डं, कारण पाच खेळाडूंची परवानगी मिळाली नाही. आकार २ १/२ × ३ १/२ आणि पाठीवर रिप्रिंट असल्याची ओळ, त्यामुळे गोंधळ नको. धोका २०१० आणि २०११ च्या टॉप्स पाकिटांतल्या जुन्या कार्डांच्या पुनर्मुद्रणांचा आहे. त्यांच्या ‘मूळ पाठ’ आवृत्तीवर जुनी पाठ जशीच्या तशी आहे. १९५७ नंतरच्या कार्डांत मापही जुळतं. इथे पाठ वाचायचा नियम हरतो, पुठ्ठा वाचवतो. साठच्या दशकातला पुठ्ठा करडा-तपकिरी, शाई आत मुरलेली. नवा पांढरा, गुळगुळीत, टॉर्चखाली चमकणारा. कडेचा काप भिंगाखाली पाहिला की बहुतेक वेळा वेगळं काही करावं लागत नाही.

सिगारेटच्या पाकिटातली

१९०९ ते १९११ मधली टी-२०६ ही कार्डं साधारण १ ७/१६ × २ ५/८ इंचांची. पुढे तोच खेळाडू, मागे सोळा ब्रँडपैकी कोणाचीही जाहिरात. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल मुबलक, ब्रॉड लीफ, ड्रम, उझिट दुर्मिळ. नोंद करताना ब्रँड, मालिकेचा आकडा (जसे १५०, ३५०, ३५०-४६०) आणि कारखान्याचा क्रमांक तिन्ही लिहावेत. ‘स्वीट कॅपोरल’ एवढंच लिहिणं म्हणजे पत्त्यात फक्त गाव लिहिणं. हीच चित्रं कूपन, रेड क्रॉस, व्हिक्टरी या ब्रँडांच्या वेगळ्या सेटांतही आहेत. टी-२०६ मध्ये खालचं नाव तपकिरी. निळं दिसलं तर तो कूपनच्या नंतरच्या छपाईसारखा दुसरा सेट आहे.

यादी आणि खरेदी

सुरुवातीलाच ठरवा: क्रमांकांचा सेट करायचा की सगळ्या रूपांचा. १९५२ चे ४०७ क्रमांक लाल-काळ्या पाठी धरल्या की ४८७ होतात, त्यावर चुका आणि दुरुस्त्या. तक्त्यात साल, कंपनी, क्रमांक, रूप, ओळखीची खूण आणि ती कशी तपासली, असे रकाने हवेत. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ते कार्ड ‘बहुधा’ या गटात ठेवा.

मागणीच्या किमती पाहू नका, विकल्या गेलेल्या पाहा. डॉनरस कंपनीच्या १९९० च्या कार्डांच्या पाठीवर ‘इन्क’ शब्दानंतर टिंब आहे की नाही यावरून हजारो डॉलर मागणाऱ्या जाहिराती सापडतील. फरक खरा आहे, दोन्ही रूपं ढिगाने आहेत. प्रमाणित डबीवरचं लेबलही डोळे झाकून मानू नये: कार्ड अस्सल असतं, रूप चुकीचं लिहिलेलं असू शकतं. डबीतूनही पाठ दिसतेच.

ठेवण

मऊ पारदर्शक पाकीट, मग कडक टॉपलोडर. नऊ कप्प्यांची पानं १९५७ नंतरच्यांना. १९५२ ते १९५६ ची त्यात कोंबली की कोपरे जातात, त्यांना आठ कप्प्यांची पानं मिळतात. पीव्हीसी असलेलं प्लॅस्टिक नको. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात क्रोम कार्डं कमानीसारखी वाकतात, कारण एका बाजूला फॉइल आणि दुसऱ्या बाजूला पाणी पिणारा कागद. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, दोन महिन्यांनी बदलून. वाकलेलं कार्ड इस्त्रीने किंवा वजनाखाली एकदम सरळ करू नये. टॉपलोडरमध्ये घालून कोरड्या डब्यात ठेवलं की हळूहळू उतरतं.

जुळ्या कार्डांची जोडी एकाच पानावर शेजारी लावा, दोन्हींची पाठ वर करून.